खिशातली दोरी

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा मालवला, खुर्ची मागे ढकलली आणि विचारलं, "कधीपासून आहे हा त्रास?"

"मला सायनस आहे ना डॉक्टर, दहा वर्षं झाली," मी म्हटलं.

"सायनस सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. "मला आहेत, बाहेर बसलेल्या बाईंना आहेत. तुमचे भरलेत, एवढंच."

म्हणजे दहा वर्षं मी ज्याला त्याला 'मला सायनस आहे' म्हणून सांगत होते, ते 'मला गुडघे आहेत' असं सांगण्यासारखं होतं. आणि ऐकणारेही 'अरेरे, जपा हं' म्हणत होते.

घरी आले. पातेल्यात पाणी उकळलं, निलगिरीचे चार थेंब टाकले आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन बसले. टॉवेलच्या आत अंधार, वाफ आणि आपण. अशा ठिकाणी ऋषींना मंत्र सुचत असतील. मला फक्त तो शब्द छळायला लागला. माझा धंदा भाषांतराचा आहे. कथा-कादंबऱ्यांचा नव्हे, मिक्सरच्या माहितीपुस्तिका, विम्याची पत्रकं, पाणी जपून वापरा. पण धंदा तो धंदा. एक शब्द दहा वर्षं नाकात बाळगला आणि त्याचा अर्थ कधी पाहिला नाही, ही गोष्ट मला सर्दीपेक्षा जास्त लागली. तसाच टॉवेल डोक्यावर ठेवून थोरला इंग्रजी शब्दकोश काढला.

सायनस हा मूळचा लॅटिन शब्द, सिनुस. अर्थ: वळण, खळगा, कपड्याची चुणी, छातीशी पडणारी वस्त्राची घडी, कुशी, उपसागर. ठीक. गालाच्या हाडात खळगा आहे, त्याला खळगा म्हटलं, तक्रार नाही. पण त्याच पानावर जरा वर दुसरा एक शब्द बसला होता आणि त्याच्याही कुळाच्या रकान्यात तेच गाव लिहिलं होतं. तो शब्द होता साइन. त्रिकोणमितीतला साइन. साइन थीटा. (मुंबईच्या सायन स्टेशनाचा या घराण्याशी संबंध नाही. ते आपल्या 'शीव'चं साहेबी रूप, असं मुंबईकर मानतात.)

माझे यजमान स्थापत्य अभियंता होते. सगळी नोकरी त्यांनी पूल बांधण्यात घालवली. त्यांना विचारलं, "अहो, साइन म्हणजे काय?"

"संमुख बाजू भागिले कर्ण."

"ते नव्हे. त्या शब्दाचा अर्थ काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "संमुख बाजू भागिले कर्ण," ते पुन्हा म्हणाले, जरा हळू, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

त्यांचा दोष नाही. आमच्या शाळेतही हेच झालं होतं. आम्ही मराठी माध्यमाचे. आमच्या भूमितीच्या पुस्तकातला प्रत्येक शब्द आपलं नाव-गाव सांगत यायचा. स्पर्शिका स्पर्श करायची, लघुकोन लहान असायचा, काटकोन काटेकोर उभा राहायचा. मग दहावीच्या उंबरठ्यावर अचानक साइन, कोसाइन, टॅन असे तीन परके पाहुणे बिनओळखीचे घरात घुसले. 'सर, साइन म्हणजे काय' असं कुणीतरी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "साइन म्हणजे साइन. पुढे लिहा."

सरांची खरी कसोटी मात्र त्याआधीच, वर्तुळाच्या धड्यात, लागून गेली होती. फळ्यावर वर्तुळ काढून, परिघावरचे दोन बिंदू रेषेनं जोडून सर म्हणाले, "या रेषाखंडाला म्हणतात जीवा." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "होता जीवा म्हणून वाचला शिवा!" प्रतापगड आमच्या तालुक्यापासून लांब नव्हता, जिवा महालाला आम्ही घरचा माणूस समजत होतो. सगळा वर्ग हसला. सर खडू हातात धरून थांबले आणि अनपेक्षितपणे म्हणाले, "हा जीवा वेगळा. ही धनुष्याची दोरी." आणि वर्तुळाचा उरलेला भाग पुसून टाकला. फळ्यावर खरंच एक धनुष्य उरलं. कंस म्हणजे त्याचं वाकलेलं लाकूड, जीवा म्हणजे ताणलेली दोरी.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि बहुधा सरांनाही नसावं, की त्यांनी वर्षाअखेरीस ज्याला 'साइन म्हणजे साइन' म्हणून वाटेला लावलं तो पाहुणा म्हणजे हीच दोरी होती. एकाच कपाटातल्या दोन पुस्तकांत राहून दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. हिंदी सिनेमात जत्रेत हरवलेल्या भावांच्या दंडावर निदान गोंदण तरी असतं.

तर आता दोरीची गोष्ट. आकाशातल्या ग्रहांचं गणित करायचं तर वर्तुळाशी गाठ पडणारच. अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीनं दुसऱ्या शतकात कंसाच्या मापावरून त्याची जीवा किती लांब, याचं कोष्टक बनवलं होतं. जीवेचं इंग्रजी नाव 'कॉर्ड', तेही मूळचं ग्रीक आणि अर्थ दोरीच. ग्रीकांची दोरी आतड्याची, तंतुवाद्याला लावतात तसली. पण प्रत्यक्ष गणितात पूर्ण दोरी फारशी लागत नाही, अर्धीच लागते. त्यामुळे टॉलेमीला दर वेळी कोन दुप्पट करायचा, त्याची जीवा काढायची आणि ती निम्मी करायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. आपल्याकडच्या ज्योतिषांनी विचार केला असावा की अर्धीच लागते तर अर्धीचंच कोष्टक करू. आर्यभटानं ४९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेच दिलं. पाव वर्तुळाचे चोवीस भाग, प्रत्येक भागाला एक अर्धी दोरी. आणि लागोपाठच्या दोऱ्यांतले चोवीसच्या चोवीस फरक अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांत एका श्लोकात कोंबलेले. पहिला फरक २२५. सगळ्यांची बेरीज ३४३८, म्हणजेच वर्तुळाची त्रिज्या. तेविसाव्या वर्षी मी टायपिंगची परीक्षा देत होते.

या अर्ध्या दोरीचं नाव अर्धज्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. जीवा हा तिचाच दुसरा शब्द. पुढे रोजच्या वापरात 'अर्ध' गळून पडलं आणि अर्ध्यालाच ज्या म्हणायला लागले. चहाच्या टपरीवर आपण नुसतं 'कटिंग' म्हणतो आणि चहा हा शब्द गाळतो. ज्योतिषांनी कटिंग गाळलं आणि चहा ठेवला. धनुष्याची बाकीची सामग्रीही त्यांनी सोडली नाही. कंस तो चाप, आणि दोरीच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतचा तुकडा तो शर, म्हणजे बाण. त्रिज्या हा शब्द तर आपण रोज वापरतो आणि त्यातली ज्या आपल्याला ऐकूही येत नाही. त्रि म्हणजे तीन राशी. एक रास तीस अंशांची, तीन राशी नव्वद अंशांच्या. नव्वद अंशांची ज्या सगळ्यांत मोठी, आणि ती बरोबर केंद्रापासून परिघापर्यंत पोहोचते. म्हणून त्रिज्या. हे कळल्यावर मी टॉवेल काढून स्वयंपाकघरात जाऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "वाफ घेतलीस का?"

मराठीनं मग हा 'ज्या' का टाकून दिला असेल? माझं आपलं एक अनुमान आहे, आणि ते शास्त्रीय नाही. मराठी गणिताच्या पुस्तकातली प्रत्येक व्याख्या 'ज्या'पासूनच सुरू होते. ज्या त्रिकोणाच्या, ज्या चौकोनाच्या, ज्या रेषा. त्यात साइनला ज्या म्हटलं असतं तर 'ज्या लघुकोनाची ज्या एक द्वितीयांश असते त्या कोनाचं माप ३० अंश असतं' असं वाक्य दहावीच्या पोरांच्या डोक्यावर आदळलं असतं. विधान अगदी बरोबर आहे. मुलं मात्र वाचली नसती.

जीवा या शब्दात आणखी एक गंमत दडली आहे. संस्कृतात जीव म्हणजे प्राण, आणि जीवा म्हणजे ज्या दोरीनं दुसऱ्याचा प्राण घ्यायचा ती. ग्रीकमध्येही तसंच. तिकडे बिओस हाच शब्द एका आघातानं उच्चारला तर आयुष्य आणि दुसऱ्या आघातानं उच्चारला तर धनुष्य. हेराक्लिटस नावाच्या तत्त्वज्ञानं अडीच हजार वर्षांपूर्वी त्यावर कोटी केली होती: नाव जीवनाचं आणि काम मरणाचं. आणि यात फक्त योगायोग नाही. ग्रीक धनुष्य आणि आपली ज्या हे भाषाशास्त्राच्या हिशेबानं एका रक्ताचे. ग्रीक आयुष्य आणि आपला जीव हेही एका रक्ताचे. इंग्रजीतला क्विक हासुद्धा याच जीवाचा चुलतभाऊ. त्याचा जुना अर्थ जिवंत. चपळ हा नंतरचा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाची कोटी वाटली होती तितकी पोरकट नव्हती तर.

आठव्या शतकात दोरी प्रवासाला निघाली. खलिफा अल-मन्सूरनं ७६२ साली बगदाद वसवलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांत सिंधकडून आलेल्या मंडळींबरोबर एक संस्कृत ज्योतिषग्रंथ त्याच्या दरबारात पोहोचला, ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला. त्याचं अरबीत भाषांतर झालं आणि त्या घराण्याला नाव पडलं सिंदहिंद. सिंदहिंद म्हणजे आपला सिद्धान्तच. आता भाषांतरकारापुढे प्रश्न: या जीवेचं काय करायचं? अरबीत दोरीला 'वतर' होता, पण तो पूर्ण दोरीसाठी खर्ची पडणार. म्हणून त्यानं मी पंधरा वेळा केलं असेल तेच केलं. जमलं नाही की मूळ शब्द तसाच ठेवायचा आणि पुढे जायचं. अरबी वेषात जीवाचं झालं जीबा.

आणि इथे लिपीनं दगा दिला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत; वाचणाऱ्याला शब्द आधीच माहीत असावा लागतो. जीम, या, बा एवढी तीन अक्षरं कागदावर. ती जीबा अशी वाचता येतात. पण जीबा म्हणजे काय, हे बगदादमध्ये कुणाला ठाऊक? तीच तीन अक्षरं 'जैब' अशीही वाचता येतात, आणि जैब हा चांगला घरचा, ओळखीचा शब्द: कपड्याचा गळा, छातीशी असलेली उघडी घडी, जिथे माणूस चीजवस्तू ठेवतो. हळूहळू सगळेच जैब वाचायला लागले.

याला हसण्याआधी मला माझ्या फोनकडे बघावं लागलं. माझी भाची मराठी संदेश इंग्रजी अक्षरांत पाठवते. मागे तिनं विचारलं होतं, के, ए, डी, एच, आय, आणि पुढे 'करणार?' मी घाईत होते. 'आज नाही गं, आज आमटी,' असं कळवलं. ती विचारत होती की डोळ्यांची तपासणी कधी करणार. कधी आणि कढी यांच्यात फरक करायला तिच्या लिपीत जागा नव्हती, आणि माझ्या डोक्यात गॅसवर काहीतरी होतं. बगदादच्या वाचकाच्या डोक्यात कपडे असतील.

तो जैब आपल्यालाही अनोळखी नाही. फारसीवाटे तो हिंदीत आला आणि जेब झाला. म्हणजे 'जेब में हाथ' घालणारा हिंदी सिनेमाचा नायक नकळत साइनमध्ये हात घालत असतो. मराठीनं खिसा हा वेगळा शब्द उचलला, पण तोही त्याच मुलखातून. आजही काही अरब देशांत शाळेच्या वहीत साइनला जैबच म्हणतात, आणि थोडक्यात लिहायचं तर नुसतं 'जा'. एका चुकीच्या वाचनानं गेलेला शब्द लांबी कमी करता करता पुन्हा 'ज्या'च्या दारात येऊन उभा राहिला, आणि दार कुणी उघडलं नाही.

बाराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना अरबी ग्रंथांचा शोध लागला आणि स्पेनमधल्या तोलेदो शहरात भाषांतरांचा मोसम सुरू झाला. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड तिथे टॉलेमीचा अल्माजेस्ट मिळेल म्हणून गेला, त्यासाठी अरबी शिकला आणि मग परत फिरकलाच नाही. सत्तरच्या वर ग्रंथ त्यानं लॅटिनमध्ये आणले. सत्तर! आणि ते ग्रंथ म्हणजे मिक्सरच्या पुस्तिका नव्हेत. मी त्याचा विचार करते तेव्हा मला ग्रंथ दिसत नाहीत. कंदिलाशी वाकलेला, मान अवघडलेला, 'हा शब्द इथे कशाला आलाय' म्हणून डोकं खाजवणारा माणूस दिसतो. दोरी, कंस, शर अशा सगळ्या धनुर्विद्येत मध्येच हा जैब. वर्तुळात खिसा कशासाठी?

पण मूळ अक्षरांत जैब आहे तर जैबच भाषांतरायचा. बाराव्या शतकातल्या त्या भाषांतरकारांपैकी कुणीतरी, काही अभ्यासक जेरार्डचं नाव घेतात, काही चेस्टरच्या रॉबर्टचं, त्यासाठी लॅटिन शब्द घातला सिनुस. शब्दकोश याला 'चुकीचं भाषांतर' म्हणतात, आणि तिथे माझं शब्दकोशांशी भांडण आहे. चूक वाचनाची, आणि ती आधीच होऊन गेलेली. भाषांतर अप्रतिम आहे. रोमन माणसाच्या टोग्याची छातीवर जी झोळदार घडी पडायची तिला सिनुस म्हणत, आणि रोमन लोक त्या घडीचा वापर खिशासारखाच करीत. छातीशी असलेली, वस्तू ठेवायची वस्त्राची घडी! जैबला याहून नेमका शब्द मला पगार दुप्पट केला तरी सापडला नसता.

मराठीत सापडला असता म्हणा. माझी आजी नऊवारी नेसायची. परसातली मोगऱ्याची फुलं, शेवग्याच्या शेंगा, आमच्यासाठी लपवलेल्या गोड बोरांच्या मुठी, सगळं ती ओच्यात घेऊन यायची. पैसे मात्र कनवटीला. जेरार्डला मराठी येत असती तर साइनचं नाव ओचा पडलं असतं. ओचा थीटा अधिक कनवटी थीटा. त्रिकोणमिती मला नक्की जमली असती.

जेरार्डची बाजू मी इतकी का घेते, ते सांगून टाकते. उमेदवारीच्या दिवसांत मी एका कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका मराठीत आणली. यंत्राच्या मध्यभागी कपडे घुसळणारा जो खांब असतो त्याचं इंग्रजी नाव ॲजिटेटर. यंत्र मी पाहिलं नव्हतं; शब्दकोश पाहिला होता. पुस्तिकेत छापून आलं: 'कपडे टाकण्यापूर्वी आंदोलक नीट बसला आहे याची खात्री करा.' आणि पुढच्या पानावर, 'आंदोलक दर महिन्याला बाहेर काढून कोमट पाण्यानं धुवावा.' त्या काळात गावोगाव उपोषणं चालू होती. कंपनीतून फोन आला तेव्हा पलीकडच्या साहेबांना हसू आवरत नव्हतं. माझं मात्र महिन्याचं बिल अडकलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की संस्कृतात आंदोलन म्हणजे मुळात झुलणं, हेलकावणं. पुढे-मागे हेलकावणाऱ्या खांबाला आंदोलक म्हणण्यात शब्दाच्या मुळाशी प्रामाणिक काय ते मीच राहिले होते. तोवर बिल मागायची मुदत संपली होती.

जेरार्डचा जन्म १११४ च्या सुमाराचा. शके १०३६, म्हणजे त्याच १११४ साली सह्याद्रीच्या आश्रयाला भास्कराचार्य जन्मले. एकजण तोलेदोत खिशाचा अर्थ लावत होता तेव्हा दुसरा इकडे सिद्धान्तशिरोमणी लिहीत होता, आणि त्यात ज्या कशा काढायच्या याचं वेगळं प्रकरणच होतं. त्याचं नाव ज्योत्पत्ती. ज्या अधिक उत्पत्ती. शब्दांची कुळं शोधणाऱ्या बाईनं हे नाव वाचून काही वेळ स्वस्थ बसावं, दुसरं काय. भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण गावातला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख त्याची साक्ष देतो. तो शिलालेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पाटणादेवीला आम्ही सहलीला गेलो होतो. मी धबधबा पाहिला, भेळ खाल्ली आणि परत आले.

पुढचा रस्ता सोपा. सिनुसचा इंग्रजीत साइन झाला, सोळाव्या शतकाच्या अखेरीला तो इंग्रजी पुस्तकात छापलेला सापडतो. १६२० साली एडमंड गंटरनं पूरक कोनाच्या साइनला 'को. सायनस' असं आखूड नाव दिलं. आपल्याकडे त्याला कोटिज्या म्हणत, कोटि म्हणजे धनुष्याचं टोक. दोन्हींची सुरुवात 'को'नं होते म्हणून कोसाइन आमच्याच कोटिज्येवरून आला, असं सांगणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. तसं नाही. गंटरचा 'को' लॅटिन 'पूरक'चा आहे. जे आपलं आहे तेच इतकं सुरस आहे की शेजाऱ्याच्या परसातली फुलं ओच्यात घ्यायची गरज नाही.

सिनुस दुसरीकडेही पसरला. जुन्या नकाशांत उपसागर आणि आखातांना सिनुस म्हणत. १६५१ साली रिच्योलीनं चंद्राचा नकाशा केला, त्यातल्या एका अर्धगोल काळ्या पट्ट्याला सिनुस इरिडम म्हटलं, इंद्रधनुष्यांचा उपसागर. नाव आजही तेच आहे. धनुष्याची दोरी खिशात गेली, खिसा उपसागर झाला, उपसागर चंद्रावर गेला, आणि तिथे पुन्हा धनुष्य भेटलं. ही शेवटची जुळवाजुळव मराठीत जमते. रिच्योलीच्या 'इरिडम'मध्ये धनुष्य नाही. पण मला तापही होता.

मुख्य वळण मात्र आपल्याच मुलखात घडलं. एबेनेझर बर्जेस नावाचा अमेरिकन मिशनरी १८३९ साली मराठी प्रदेशात आला. शाळांसाठी मराठीतून खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक करायचं त्याच्या मनात आलं. त्यासाठी इथलं ज्योतिषगणित समजून घ्यावं म्हणून तो संस्कृत ग्रंथांकडे वळला, आणि जेरार्डसारखाच त्यात अडकला. शेवटी हातात आला तो सूर्यसिद्धान्ताचा सटीप इंग्रजी अनुवाद. तो १८६० साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. सूर्यसिद्धान्तात चोवीस ज्यांचं कोष्टक आहे. प्रश्न आला, ज्या या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं? बर्जेसनं म्हटलं साइन. दुसरं काय म्हणणार? त्या अर्थाचा तोच शब्द इंग्रजीत होता.

म्हणजे हजार वर्षं बगदाद, तोलेदो, लंडन असं फिरून, वाटेत नाव, कपडे, उच्चार सगळं बदलून आलेल्या नातवाला आजीच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि म्हटलं, हे तुमच्यासाठी भाषांतर. मूळ शब्दाचा प्रतिशब्द म्हणून त्याचंच चुकलेलं वाचन! भाषांतराच्या धंद्यात यापेक्षा बरोबर उत्तर मी पाहिलेलं नाही.

रात्री यजमानांना सगळी वंशावळ सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, हे मला त्यांच्या न घोरण्यावरून कळलं. मी म्हटलं, "म्हणजे बघा, अरबी जैब हा गळा. सायनस हे नाक. आणि तुमचा कर्ण, तो कान. संमुख बाजू भागिले कर्ण म्हणता म्हणता तुम्ही नोकरीभर कान-नाक-घशाचं गणित करत होतात."

"आणि पूल उभे आहेत," ते म्हणाले आणि कूस बदलली.

आठवड्यानं पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा लावला, डावी नाकपुडी पाहिली, उजवी पाहिली. "डावीकडचं मोकळं झालंय. उजवीकडे अजून थोडं आहे. अर्धं काम झालं."

"अर्धज्या!" माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

डॉक्टरांनी चटकन मान मागे घेतली आणि टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला.